आधी तेल, मग चिंच

भाऊबीजेच्या सकाळी सात वाजता फोन वाजला. मी ओटा आवरत होते. एवढ्या सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला की काळजात धस्स होतं. न्यूजर्सीत तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, मुलं झोपलेली असतात आणि बाईसाहेब निवांत असतात, हे माहीत असूनही होतं.

‘‘आई, व्हिनेगरमध्ये किती वेळ भिजवायचं असतं गं?’’ तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

‘‘काय भिजवायचंय? मिरच्या?’’

‘‘मिरच्या नाही गं. हे बघ.’’ आणि तिनं कॅमेऱ्यासमोर एक पांढरा, लांबुळका डबा धरला. डबा कसला, उभ्या उभ्या चुण्या घातलेलं कापड होतं ते. नऊवारीच्या निऱ्या चापून बसवाव्यात तशा शेकडो निऱ्या गोल उभ्या केलेल्या. आणि त्या निऱ्यांमध्ये पिवळट, बुळबुळीत असं काहीतरी.

‘‘हॉट टबचा फिल्टर आहे. काल रात्रभर व्हिनेगरमध्ये घातला होता. सगळे सांगतात, व्हिनेगर घाला, लख्ख होतो. हा उलट आणखीच चिकट झालाय.’’

मैत्रिणींनो, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला हॉट टबच्या फिल्टरचं काय कळणार? पण त्या दिवशी आमच्या घरात कुणाला तरी कळलं. आणि ते कळणारी व्यक्ती होती माझ्या सासूबाई. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी.

अंघोळीचा हौद

हॉट टब म्हणजे काय, ते मी लेकीकडे गेले होते तेव्हा पाहिलंय. घरामागच्या अंगणात सहाजणांना पाय पसरून बसता येईल असा मोठा टब. त्यात हजार-बाराशे लिटर पाणी. ते वीजेवर तापवलेलं राहतं, जास्तीत जास्त चाळीस अंशांपर्यंत. खालून, बाजूनं पाण्याचे झोत येतात. बाहेर बर्फ पडत असावा आणि आपण मानेपर्यंत गरम पाण्यात, अशी ती चैन.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे पाणी रोज बदलत नाहीत. तीन-तीन, चार-चार महिने तेच पाणी. पंप ते ओढतो, त्या निऱ्यांच्या फिल्टरमधून गाळतो, तापवतो आणि पुन्हा टबात सोडतो. जंतू मरावेत म्हणून त्यात क्लोरिन किंवा ब्रोमिन घालतात. मी परत आल्यावर हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला होता. ‘‘म्हणजे काल दुसऱ्यानं अंघोळ केलेल्या पाण्यात आज आपण बसायचं?’’

‘‘आई, अंघोळ करून मगच बसायचं असतं त्यात. नुसतं शेकायला.’’

‘‘मग ठीक आहे,’’ असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

आणि नेमकी इथंच गडबड झाली होती. नरकचतुर्दशीला आमच्या जावईबापूंना कल्पना सुचली, की यंदाचं अभ्यंगस्नान हॉट टबमध्ये. पहाटे अंधारात पणत्या लावल्या, मुलांना तिळाचं तेल चोळलं, उटणं लावलं, आणि चौघंही थेट टबात. फोटो इतके सुंदर आले होते, की मीच ते नातेवाइकांना पाठवले. कारीट मात्र मिळालं नाही म्हणून मुलांनी द्राक्ष फोडलं होतं!

दुसऱ्या दिवशी टबातलं पाणी गढूळ झालं. तिसऱ्या दिवशी पाणी पुढे सरकत नाही असा इशारा देऊन टब बंद पडला. पाणी सोडून द्यावं लागलं ते लागलंच. पण दोन फिल्टर होते, ते तेलानं आणि उटण्यानं पार गच्च झालेले. त्यातला एक तिनं रात्रभर व्हिनेगरमध्ये घातला, तोच हा. दुसरा अजून तसाच होता.

‘समई कशी घासतेस?’

आमचं हे बोलणं चाललेलं असताना सासूबाई देवासमोर बसून वाती वळत होत्या. ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर येतं. तिथूनच म्हणाल्या, ‘‘तिला विचार, समई कशी घासतेस?’’

‘‘आजी, समई नाही, फिल्टर आहे हा,’’ लेक ओरडून म्हणाली.

‘‘कळलं मला. तू समई कशी घासतेस ते सांग.’’

लेक गप्प. मग मीच म्हटलं, ‘‘चिंच लावून.’’

‘‘एकदम चिंच? तेल तसंच असताना?’’

‘‘नाही, आधी तेल पुसून घेते. डाळीचं पीठ लावून, गरम पाण्यानं धुऊन. मग चिंच.’’

‘‘का?’’

का, ते मला सांगता येईना. चाळीस वर्षं मी समई तशीच घासतेय. या घरात लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात मी तेलकट समईला थेट चिंचेचा कोळ चोळला होता आणि तो नुसता घसरत होता, समई काळी ती काळीच. तेव्हा याच बाईंनी माझ्या हातातून ती घेतली होती आणि म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, आधी तेल, मग चिंच.’’ मी ते पाठ केलं. कारण काही विचारलं नव्हतं.

कारण आहे. आणि ते इतकं सोपं आहे, की ते कळल्यावर निम्मी साफसफाई डोक्यात लागते.

घाण दोन जातींची

घरातली हट्टी घाण मुख्यतः दोन प्रकारची असते. एक तेलाची. अंगाचं तेल, केसांचं तेल, क्रीम, फोडणीचा धूर. दुसरी दगडाची. हो, दगडाचीच. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, गिझरच्या आत जो पांढरा थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. म्हणजे खडूच्या, चुनखडीच्या कुळातला.

तेल निघतं ते खारानं. साबण, धुण्याचा सोडा, चुलीतली राख हे सगळे त्या कुळातले. आपल्या आज्या खरकटी, ओशट भांडी राखेनं घासत, ते राख फुकट मिळे म्हणूनच केवळ नव्हे. राखेत खार असतो आणि तो तेलाला सोडवतो.

दगडाचा थर निघतो तो आंबटानं. चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर. व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक ॲसिड. आपल्याकडे विकतच्या व्हिनेगरमध्ये ते किमान पावणेचार टक्के असावं असा नियम आहे. हे ॲसिड त्या पांढऱ्या थराला भिडलं की बारीक बुडबुडे येतात आणि थर विरघळत जातो. समईवरचा, तांब्यावरचा काळा डागही आंबटानंच जातो.

पण वर तेलाचा पापुद्रा असला तर आंबट खालपर्यंत पोचतच नाही. चिंच घसरते ती म्हणून. फिल्टरच्या बाबतीत तर त्याहून वाईट. तेल न काढता तो ॲसिडमध्ये घातला, तर तो चिकटपणा धाग्यांमध्ये पक्का बसतो आणि पाणी जायची वाट कायमची आवळते. फिल्टर बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात, आधी तेल काढा, मगच ॲसिड.

सासूबाईंनी हे सगळं दोन शब्दांत सांगितलं होतं.

मग लेकीनं दुसऱ्या, न भिजवलेल्या फिल्टरवर आजीचा प्रयोग केला. आधी नळीच्या साध्या धारेनं निरी अन् निरी वरून खाली धुऊन काढली. जोरदार फवाऱ्याचं मशीन लावलं नाही, त्यानं कापड फाटतं. मग फिल्टरसाठी मिळतो तो तेल काढणारा खारट द्राव आणून त्यात रात्रभर बुडवला. भांड्याचा साबण मुद्दाम वापरला नाही, तो निऱ्यांत राहिला तर टबभर फेस होतो. सकाळी पाणी तपकिरी झालेलं. पुन्हा खळखळून धुतला. त्यानंतर मग एक बादली, निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. फिल्टर आत सोडल्यावर बुडबुडे येऊ लागले. ते थांबेपर्यंत ठेवला, पुन्हा धुतला आणि खडखडीत वाळवला.

दोन दिवसांनी फोटो आला. एक फिल्टर पांढराशुभ्र. शेजारी रात्रभर व्हिनेगर प्यायलेला पहिला, त्यावरही नंतर सगळे उपाय केले, पण तो काही धड झाला नाही. तो टाकून द्यावा लागला. खाली लिहिलं होतं, ‘आजीला दाखव.’

आजींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘आता पुढच्या वर्षी अभ्यंग न्हाणीघरात करा म्हणावं.’’

आपल्याकडे कुठला हॉट टब?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बादली आणि तांब्या, आम्हाला हे कशाला? थांबा. गरम पाणी आणि त्याचा थर हा आपल्याही घरातला पाहुणा आहे, आणि फार जुना आहे.

सासूबाई या पेठेत लग्न होऊन आल्या तेव्हा वाडा होता. मोरीच्या तोंडाशी तांब्याचा बंब. मध्ये नळकांडं, त्यात लाकडं-कोळसा, भोवती पाणी. कसब्यातल्या तांबट आळीत घडवलेला. दर दिवाळीला तो चिंचेनं घासायचा, हे काम धाकट्या सुनेकडे. बाहेरून तो सोन्यासारखा होई, पण आत हात घातला की पांढरा खरखरीत थर लागे. पाणी तापलं की त्यात विरघळलेले क्षार बाहेर पडतात आणि भांड्याला चिकटतात. म्हणून थंड पाण्याच्या माठापेक्षा बंबात, बंबापेक्षा गिझरमध्ये हा थर लवकर धरतो.

पाणी कुठलं, त्यावर थर किती हे ठरतं. पेशवाईत कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पुण्यातल्या हौदांत पाणी येई. पुढे खडकवासल्याचं धरण झालं आणि नळ घराघरांत आले. सह्याद्रीतल्या पावसाचं हे पाणी मऊ. साबणाला फेस येतो, डाळ शिजते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, शहराचे नळ बंद पडले, तेव्हा पेठांमधल्या जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा उपयोगी आले. सासूबाईंना ते दिवस नीट आठवतात. ‘‘विहिरीच्या पाण्यानं केस कसे चरचरीत व्हायचे,’’ म्हणतात.

आता वाडा गेला, इमारत आली, आणि इमारतीत बोअर आली. वापरायचं पाणी बोअरचं. सहा महिन्यांत शॉवरची निम्मी भोकं बंद आणि उरलेली भलतीकडे तिरकी उडणारी. तालुक्याच्या गावांत राहणाऱ्या तुम्हा मैत्रिणींना हे मी सांगायला नको. तुमच्याकडे तर प्यायचंही पाणी कित्येकदा बोअरचंच असतं.

तर व्हिनेगर कुठं वापरावं?

शॉवर आणि नळाच्या तोंडाची जाळी. जाळी फिरवून निघते. वाटीभर व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. शॉवर निघत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून पिशवी शॉवरला रबरबँडनं बांधा. तास पुरे. रात्रभर ठेवू नका, वरची चमक जाते.

वॉशिंग मशीनची जाळी. पाण्याची नळी मशीनला जोडते तिथं आत एक इवलीशी जाळी असते. नळ बंद करून नळी काढा, जाळी पकडीनं ओढून घ्या. मशीनमध्ये पाणी हळू येतंय अशी तक्रार निम्म्या वेळा या जाळीचीच असते.

पाणी तापवायचा रॉड. आधी प्लग काढा आणि रॉड पूर्ण गार होऊ द्या. मग फक्त धातूचा भाग व्हिनेगरच्या पाण्यात उभा करा. थर सुटला की साध्या पाण्यानं धुवा, कोरडा करा आणि मगच पुन्हा वापरा.

चहाची किटली. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घालून तासभर ठेवा. ओतून द्या आणि साधं पाणी दोनदा उकळून टाका.

गिझर मात्र स्वतः उघडू नका. वीज आणि पाणी दोन्ही एकत्र आहेत तिथं. वर्षा-दोन वर्षांनी माणूस बोलवा आणि कॉइल काढून साफ करायला सांगा.

व्हिनेगरचा वास सोसत नसेल किंवा बाटली महाग वाटत असेल, तर किराणा दुकानात सरबतासाठी लिंबाचं सत्त्व मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. काम तेच, किंबहुना सरसच.

स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळीला मात्र व्हिनेगर नको. ती घाण तेलाची. स्टीलची जाळी असेल तर कडकडीत पाणी आणि धुण्याचा सोडा. ॲल्युमिनियमची असेल तर सोडाही नको, तो ॲल्युमिनियम खातो. तिथं गरम पाणी आणि भांड्याचा साबण बरा.

कुठं वापरू नये

कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, संगमरवर, या तिन्हींवर नको. हे दगड चुनखडीच्याच जातीचे. जे आंबट नळावरचा थर खातं, ते तुमचा ओटाही खातं. ओट्यावर लिंबू चिरून ठेवल्यावर फिकट डाग पडतो, तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच. तिथला दगडच झिजलेला असतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यात व्हिनेगर भरून ठेवू नका. पितळेत ताक कळकतं, तसंच हे. वरून लावा, घासा, धुवा, झालं.

प्यायच्या पाण्याच्या आरओ मशीनमध्ये स्वतः व्हिनेगर ओतू नका. आतला पडदा नाजूक असतो. स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कँडल असेल तर मऊ ब्रश आणि स्वच्छ पाणी, एवढंच.

आणि व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून ‘जादू’ करायची, ती तर सोडूनच द्या. फेस भरपूर येतो, बघायला छान वाटतं. पण खार आणि आंबट एकमेकांना मारतात. मागं उरतं खारट पाणी. दोन्ही पैसे फुकट. सासूबाईंचा नियम इथंही तोच. एक झाल्यावर दुसरं, मध्ये स्वच्छ पाणी.

जे मी केलं, ते तुम्ही करू नका

हा ‘मध्ये स्वच्छ पाणी’ एवढा भाग मी एकदा विसरले होते. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात बाथरूमच्या कोपऱ्यात शेवाळ धरलं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्यावर आपणहून ब्लीच टाकून ठेवलं होतं. मला ते माहीत नव्हतं. मला दिसला नळाखालचा पांढरा थर. मी बाहेरूनच सांगितलं, ‘‘मावशी, त्यावर व्हिनेगर ओता आणि दार लावून घ्या, वास घरभर येतो.’’

दार लावून घ्या. हे मीच सांगितलं होतं.

दोन मिनिटांत खोकल्याचा आवाज. मी दार ढकललं तर पोहण्याच्या तलावावर येतो तसला, पण कितीतरी उग्र वास नाकात घुसला. मावशी भिंतीला धरून उभ्या, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. मी त्यांना ओढत गॅलरीत आणलं. डोळ्यांवर पाणी मारलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वाफ दिली, दिवसभर ठेवून घेतलं आणि मला विचारलं, ‘‘काय काय एकत्र केलंत?’’

ब्लीच, ब्लीचिंग पावडर यांत ॲसिड पडलं, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो की संडास धुण्याचं ॲसिड, की क्लोरिन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये सैनिकांवर सोडलेला वायू हाच. तिथं तो टनांनी होता, आमच्या बाथरूममध्ये चिमूटभर. पण चार बाय सहाच्या बंद खोलीत चिमूटही पुष्कळ होतो.

मावशी बऱ्या झाल्या. पण पुढचे दोन महिने जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. त्यांचे पगार मी कापले नाहीत, औषधाचे पैसे दिले. पण यात मोठेपणा कसला? आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याचा श्वास कोंडला, ही गोष्ट मनातून जात नाही. घरातली बाटली आपण घेतो, सूचना आपण देतो, आणि बंद मोरीत वाकून बसलेली असते ती दुसरीच कुणीतरी. बाटलीवरची बारीक अक्षरं तिला वाचता येतातच असं नाही. ती वाचून सांगायचं काम आपलं आहे.

लेकीलाही मी हेच सांगितलं. टबाच्या फिल्टरमध्ये क्लोरिनचं पाणी मुरलेलं असतं. व्हिनेगरमध्ये घालायच्या आधी तो भरपूर धुवायचा, आणि तोही बाहेर उघड्यावर. क्लोरिनची पावडर आणि व्हिनेगरची बाटली एका फळीवरसुद्धा ठेवायची नाही.

ती म्हणाली, ‘‘मग क्लोरिन बंदच करू का? नुसतं व्हिनेगर बरं, घरगुती आहे.’’

तर तेही नाही. घरगुती म्हणजे पुरेसं, असं नसतं. व्हिनेगर थर काढतं, पण जंतू मारायची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. कोमट पाण्यात, क्षाराच्या आणि बुळबुळीच्या आडोशाला लीजनेला नावाचा जंतू वाढतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात माणसं न्यूमोनियानं दगावली, त्यातून तो सापडला आणि त्या ‘लीजन’ संघटनेवरूनच त्याला नाव पडलं. १९९९ साली नेदरलँड्समध्ये एका फुलांच्या प्रदर्शनात दाखवायला नुसते चालू ठेवलेले हॉट टब होते. कुणी आत उतरलंही नाही. पण पाण्याचे तुषार हवेत उडत होते. जवळून जाणारी दीडशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि त्यांतली वीसहून अधिक दगावली.

म्हणून टबात क्लोरिनचं प्रमाण मोजून राखायचं आणि फिल्टर वेळेवर धुवायचा. दोन्ही करायचं, पण एकत्र नाही. आणि आपल्यासाठी एवढंच, की गावाहून आठ-पंधरा दिवसांनी घरी आलात तर शॉवरखाली लगेच उभ्या राहू नका. पाच मिनिटं पाणी सोडून द्या, तुषार नाकातोंडात जाऊ देऊ नका.

लक्षात ठेवायचं ते एवढंच

घाण तेलाची की क्षाराची, ते आधी बोटानं बघा. बुळबुळीत असेल तर सोडा-साबण, खरखरीत असेल तर आंबट. दोन्ही असेल तर आधी तेल काढा, धुवा, मग आंबट लावा. ब्लीच आणि आंबट एकत्र कधीही नाही. एकानं धुतलं त्याच दिवशी दुसरं नकोच. दार-खिडकी उघडी. चुकून उग्र वास आलाच तर साफसफाई गेली खड्ड्यात, आधी बाहेर या, दुसऱ्यालाही बाहेर काढा, डोळे साध्या पाण्यानं धुवा आणि दम लागत असेल तर दवाखाना गाठा.

आमच्या बाथरूमच्या दाराला आता आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर शब्द नाहीत. ब्लीचच्या बाटलीचं चित्र, व्हिनेगरच्या बाटलीचं चित्र आणि मध्ये मोठी लाल फुली. मावशींच्या नातीनं काढून दिलंय.

परवा देवदिवाळीसाठी समई काढली. सासूबाईंचे हात आता थरथरतात, पण ती घासायची असेल तेव्हा त्या शेजारी पाट घेऊन बसतात. मी पीठ लावलं, पुसलं, गरम पाण्यानं धुतलं आणि चिंचेला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी बोट फिरवून बघितलं.

‘‘अजून ओशट आहे,’’ म्हणाल्या.

मी मुकाट्यानं पुन्हा पीठ लावलं.